रायरांचा ताल

कुंभकोणमला आम्हाला घर मिळालं ते माझ्या टाळीमुळे. हे रेल्वेत नोकरीला होते, बदली होऊन नुकतेच आलो होतो, आणि घरमालकांच्या ओसरीवर आम्ही दोघं शहाण्यासारखे हात जोडून बसलो होतो. यांनी नोकरीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात घरमालकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

"टाळी वाजवा," ते म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. हे स्वभावाने गरीब. त्यांनी आरतीला वाजवतात तशी टाळी वाजवली. घरमालकांनी डोळे मिटून ऐकलं आणि ताकात माशी पडल्यासारखं तोंड केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही वाजवा."

माझे वडील नाशकात तबला शिकवीत. शिकवणी मुलांची असली तरी भिंतीपलीकडे बसून बराचसा तबला माझ्याच डोक्यात शिरला होता. मी झपताल धरला. घरमालक खूश झाले आणि मांडीवर थापा मारत मला साथ करू लागले. दोन-तीन आवर्तनांत माझ्या लक्षात आलं, की ही साथ माझ्याबरोबर येत नाहीये. ती माझ्या मागे नव्हती, पुढेही नव्हती. तिचं आपलं स्वतंत्रच काही चाललं होतं. मी थांबले. ते मात्र आणखी बराच वेळ थापा मारत राहिले, आणि मग समाधानाने म्हणाले, "तुमचा हात कच्चा आहे, बाई. परंतु शिकाल. घर तुम्हांस दिल्हें."

गाव त्यांना रायर म्हणे. तमिळ मुलुखात आपल्याकडच्या जुन्या घराण्यांतल्या पुरुषांना तसंच म्हणतात, आणि पाठीमागचं खरं नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही. त्यांचे पूर्वज मराठा राजांच्या वेळी तंजावरला आले ते तिथेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठीही तिथेच राहिली. सुरुवातीला मला वाटायचं, हे गृहस्थ एखादी बखर पाठ म्हणतायत. 'पाहिजे'ला ते 'होणें' म्हणत, 'सगळे'ला 'अवघे', आणि 'ठीक आहे' म्हणायचं झालं की सरळ तमिळ 'शेरी'. मी साखर मागायला गेले की आपल्या बायकोला सांगत, "ही बाई मराठी बोलते बरी, परंतु मोडकी." त्या बायकोला सगळी गल्ली मामी म्हणायची, मीही म्हणू लागले. मामी ठेंगण्या, सडपातळ, आणि तोंडातून शब्द काढायच्या तो पदरचा काढून दिल्यासारखा.

रायर अंगाने आडदांड. कानांत हिऱ्याच्या कुड्या, कपाळावर गंध, आणि हाताचा पंजा असा, की त्यात माझा जेवायचा वाडगा मावला असता. त्या पंज्याला दिवसभर विश्रांती नसे. जगात जे जे हलतं त्याला ताल आहे आणि तो आपण धरला नाही तर ते बंद पडेल, अशी काहीशी त्यांची समजूत असावी. मामी दगडी रगड्यात इडलीचं पीठ वाटायला बसल्या की रायर समोर बसून मांडीवर थाप मारायचे. श्राद्धाचे भटजी मंत्र म्हणताना यांच्याकडे पाठ करून बसायचे. गवळी म्हैस दारात आणून धार काढायचा, तेव्हा रायर ओसरीवरून ताल धरत, आणि थोड्या वेळाने म्हैस पान्हा चोरायची. गवळी काकुळतीला येऊन मामींना हाक मारायचा, "अम्मा, सामींना आत बोलवा!" मामी आतून म्हणायच्या, "कॉफी निवाली." कॉफी अजून गाळलेलीसुद्धा नसे.

"बाई, मुख खोटें बोलतें, डोळे खोटें बोलतात," ते मला सांगायचे. "हात खोटें बोलत नाही." आणि पंजा उघडून दाखवायचे.

आता त्या भागात गाणं ऐकणं म्हणजे नुसतं कानांनी ऐकणं नव्हे. ऐकणारासुद्धा मांडीवर थाप मारतो, बोटं मोजतो, पंजा उलटा करतो, पुन्हा थाप मारतो. समोर बसलेली सगळी माणसं एकाच क्षणी थाप मारतात तेव्हा अंगावर काटा येतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही आला. त्यानंतर एक थाप एकटीच आली. ती रायरांची. ती कधी सगळ्यांच्या आधी यायची, कधी नंतर, आणि कधी वाटायचं, आता मात्र बरोबर पडणार, तर पडायचीच नाही. वाजवणारे डोळे मिटून घ्यायचे. मला आधी वाटलं होतं, ते तल्लीन झालेत.

आम्हाला घर देताना रायरांची एकच अट होती. उन्हाळ्यात तळावर यायचं. भाडं थकलं तरी चालेल, तळ चुकता कामा नये. आधीच्या भाडेकरूने बायकोच्या बाळंतपणाचं निमित्त सांगितलं, तर रायर म्हणाले होते, "शेरी, बाळास घेऊन या."

तळ म्हणजे असा. पट्टीश्वरम्च्या पुढे एक गाव आहे. तिथे चैत्र-वैशाखात अम्मनची, म्हणजे ग्रामदेवीची, जत्रा भरते, आणि जत्रेत लाकडी घोड्यांचा नाच होतो. नाचणारा दोन्ही पायांना लाकडी पाय बांधतो, कमरेला कागदाचा रंगीत घोडा अडकवतो आणि वर राजाचा मुकुट घालतो. सनई जरा मोठी करावी तसं नागस्वरम् वाजत असतं आणि तविल नावाचा ढोल त्याला नाचवत असतो. लाकडाच्या पायावर उभ्या माणसाला टाच नाही, चवडा नाही. ढोलाने जिथे पाय टाक म्हटलं तिथे टाकला तर तो उभा, नाहीतर तोंडावर. या नाचाचे नि या वाजवण्याचे कुंभकोणममधले डझनभर वेडे दर उन्हाळ्यात बैलगाड्या जोडून, अरसलार नदीच्या कोरड्या पात्रातून वाळू तुडवत तिकडे जायचे आणि देवळामागच्या आमराईत तीन दिवस मुक्काम ठोकायचे. रायर त्या वेड्यांचे सेनापती.

सेनापतींकडे तंबू होता. महायुद्ध संपल्यावर तिरुच्चीला सरकारी मालाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी तो घेतला होता. खाकी, मेणकापडाचा, थंड मुलुखासाठी केलेला. वैशाखात त्याच्या आत पापड भाजून निघाला असता. बाकी सगळे झाडाखाली चटया टाकून पडायचे आणि रायर एकटे तंबूत झोपायचे. सकाळी घामाने निथळत बाहेर यायचे आणि म्हणायचे, "बहुत गार." तो उभारताना दोर ओढणाऱ्यांना ते ताल द्यायचे, त्यामुळे तो कधीच सरळ उभा राहिला नाही.

घोड्यांविषयी त्यांचं मत ठाम होतं. "हा घोडा आमचा. आमच्या राजांबरोबर साताऱ्याहून आला."

"लाकडी घोड्यावर बसून?" नटेसन विचारायचा. "मग पोचले कधी रायर?" नटेसन विड्याच्या पानांचा व्यापारी, गोलमटोल, आणि रायरांच्या भक्तांतला पहिला. एवढी थट्टा तो करायचा ती जेवणाआधी. जेवणानंतर तो म्हणायचा, "आहाहा रायर, काल तुमचा हात असा पडत होता, असा, की तविलवाल्याने तुमच्याकडून शिकावं!" मग बाकीचे मान डोलवायचे. त्या मानांचं रहस्य मला पहिल्याच उन्हाळ्यात उमगलं. तळावर तीन दिवस स्वयंपाक मामींचा असे. वांगीभात, पिठलं, आंब्याची डाळ, मोठ्या घागरीत थंडगार ताक, आणि कॉफी अशी, की तिच्यासाठी माणसाने धर्म सोडावा. रायरांच्या हाताविषयी त्या डझनभर कानांना सगळं काही ठाऊक होतं. पण तोंडं वांगीभाताने भरलेली होती.

मी न राहवून एकदा मामींना विचारलं, "मामी, यांचा ताल..."

त्या वांगी चिरत होत्या. "लग्नांत ठावें झालें," त्या म्हणाल्या. "सप्तपदीला मजहून एक पाऊल पुढें गेले."

"मग सांगितलं नाहीत कधी?"

"सांगावें कोणी? तीस वरुषें अवघे 'आहा' म्हणतात. मी एकली 'नाही' म्हणूं?" आणि त्यांनी वांग्याचं देठ असं काही उडवलं, की मी पुढे विचारलं नाही.

आता गोविंदनचं सांगते. साक्कोट्टै गावचा हा तविलवाला, रायरांचा जीव की प्राण. काळा, किडकिडीत, पोक आलेला, पण गळ्यात ढोल अडकवला की ताठ व्हायचा. त्याच्या मेळ्याला त्या जत्रेत पहिला मान मिळायचा. पहिला मान म्हणजे देवीसमोर डोक्याला बांधलेलं एक वस्त्र, आणि खरं म्हणजे सबंध उन्हाळ्याची भाकरी; कारण ज्याला तिथे मान, त्यालाच आसपासच्या गावांच्या जत्रा बोलवायच्या. ज्याला नाही तो घरी जाऊन दुसऱ्याच्या शेतात राबायचा. मान कुणाला द्यायचा ते गावचे पंच ठरवायचे. पण पंचांना संगीतातलं काही कळत नसल्यामुळे ते दर वर्षी शेवटी रायरांकडे वळून विचारायचे, "नगरातल्या रसिकांचं काय म्हणणं?" आणि रायर दर वर्षी म्हणायचे, "गोविंदन." एवढ्यासाठी गोविंदन त्यांच्या मांडीवरच्या थापा सहन करत होता, असं मला वाटायचं. पण नंतर पाहिलं, तो रायरांसाठी झाडावरचा पहिला आंबा बाजूला काढून ठेवायचा. तो स्वार्थाचा आंबा वाटत नव्हता.

आमच्या दुसऱ्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे तंजावरकडून एक नवा मेळा आला. तरुण पोरं, केसाला तेल, नागस्वरम्च्या जोडीला क्लॅरिनेट, आणि वाजवणार काय, तर सिनेमाची गाणी. गाव त्यांच्यावर खूश. दुसरी म्हणजे गोविंदनचा जुना घोडेवाला थकला, आणि त्याच्या जागी गोविंदनचा मुलगा मुरुगन् पहिल्यांदाच लाकडी पायांवर उभा राहणार होता.

शेवटच्या दिवशी सकाळी गोविंदन तळावर आला तेव्हा रायर आंघोळीला गेले होते. तो मामींसमोर उभा राहिला, उपरणं काखेत धरलं आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, इतकी वर्षं काही मागितलं नाही. आज सामींना पुढे बसू देऊ नका."

 पानाला चुना लावणारं नटेसनचं बोट तिथेच थांबलं.

"जुना माणूस होता, त्याला सवय होती. तो यांच्या हाताकडे बघायचाच नाही," गोविंदन म्हणाला. "मुरुगन् नवा आहे. त्याला कान आहेत, तसे डोळेही आहेत. समोर एवढा हात पडताना दिसला आणि पाय त्याच्याबरोबर गेला, तर पोरगा पडेल. तो पडला की आम्ही सगळे पडलो."

तो गेल्यावर रसिकांची सभा भरली. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या हाताचे गोडवे गाऊन वांगीभात खाल्ला, तेच आता एकमेकांकडे बघत म्हणू लागले, "कुणीतरी सांगायला पाहिजे." 'कुणीतरी' या माणसाइतका कामाचा माणूस जगात दुसरा नाही, तो फक्त सापडत नाही. नटेसनला विचारलं तर म्हणाला, "मी सांगितलं असतं हो, पण माझं पोट बिघडलंय." आणि त्याने दुसऱ्यांदा पिठलं घेतलं. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, की रायर दुपारी झोपले की तंबूचे दोर सोडावेत, म्हणजे ते आतच अडकून पडतील. सोडले. तंबू रायरांवर बसला. आतून आवाज आला, "वारा सुटला!" आणि मग त्यांनी आतूनच दोर ओढायला ताल द्यायला सुरुवात केली.

तेव्हा मला एक कल्पना सुचली. तिचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो सांगायला आज हसू येतं. मी म्हटलं, "त्यांना मांडीवर थाप मारता येऊ नये एवढंच ना? मग त्यांच्या हातात काहीतरी द्या. देवीची छत्री द्या! एवढी मोठी छत्री, दोन्ही हातांनी धरावी लागेल. मानही मिळेल, आणि हातही अडकतील."

सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. नटेसनचं पोट तत्काळ बरं झालं. तो धावत पंचांकडे गेला. रायर दर वर्षी देवीच्या अन्नदानाला तांदूळ द्यायचे, त्यामुळे पंच आनंदाने तयार झाले. रायरांना कळलं तेव्हा त्यांनी देवळाच्या दिशेने हात जोडले. "आमच्या कुळांत छत्री धरणें प्रथमच," ते म्हणाले. मामींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या चुलीकडे वळल्या.

उन्हं कलल्यावर जत्रा सुरू झाली. आधी तंजावरची पोरं वाजवून गेली. सिनेमाचं गाणं कानावर पडताच रायर तत्त्वाने उठून आमराईत निघून गेले आणि कानांत बोटं घालून बसले. पोरांनी बरं वाजवलं, खोटं कशाला बोलू. मग गोविंदनचा मेळा उभा राहिला, आणि रायरांनी देवीमागे जाऊन छत्री उचलली. लाल रेशमी, झालरीची, दोन पुरुष उंचीच्या दांड्याची. दोन्ही हात दांड्याला. मी पदराने घाम पुसला आणि बायकांत मामींच्या शेजारी निवांत बसले.

तविल कडाडलं. मुरुगन् घोड्यासह पुढे झाला. आणि छत्री हलली.

तिकडे देवीची छत्री धरणारा ती नुसती धरत नाही, वाजवण्याबरोबर वरखाली नाचवतो, हे मला ठाऊक नव्हतं. नाचणाऱ्याने देवीकडे पाठ करायची नसते, म्हणजे घोडेवाल्याचं तोंड सबंध वेळ छत्रीकडे असणार, हेही ठाऊक नव्हतं. मांडीवर पडणारा हात निदान पुढच्या दोन रांगांनाच दिसायचा. आता रायरांचा ताल लाल रेशमात, झालर लावून, सगळ्या गावाच्या डोक्यावर उभा होता. तो तविलाच्या आधी वर जात होता, नंतर खाली येत होता, आणि मधेच विचारात पडल्यासारखा थांबत होता.

"भलें केलेंत, बाई," मामी पुटपुटल्या.

मुरुगन्ने पहिल्या आवर्तनात कसंबसं सांभाळलं. दुसऱ्यात त्याची नजर वर गेली आणि लाकडी पाय छत्रीच्या तालामागे गेला. घोडा कलंडला. बायकांतून किंकाळी उठली. त्याने हात हवेत फेकून तोल घेतला, एक गुडघा जमिनीला टेकता टेकता राहिला. पंचांतला एकजण दुसऱ्याच्या कानाला लागला.  आपल्या शहाणपणापायी एका माणसाच्या घरातली चूल विझणार, एवढं एकच डोक्यात होतं.

गोविंदनने मुलाकडे पाहिलं. मग वर छत्रीकडे पाहिलं. आणि मग त्या माणसाने जे केलं, ते करायला माझ्या वडिलांचीही छाती झाली नसती. त्याने आपला ताल सोडला आणि छत्रीचा धरला. छत्री वर गेली की तविल वर, ती अडली की तविल अडलं, ती धपकन खाली आली की ढोलावर वीज पडल्यासारखी थाप. मुरुगन्च्या कानाला आणि डोळ्याला आता एकच गोष्ट सांगितली जात होती. त्याचे पाय सुटले. आणि घोडा! आजवर तो घोडा शिस्तीत नाचायचा, आज तो खरोखरचा बिनलगामी झाला. उधळला, बिथरला, एका पायावर थांबला, कुणाला अंदाज नसताना उडाला. गाव उभं राहून ओरडायला लागलं. नागस्वरम्वाला घामाघूम होऊन मागे धावत होता.

एकच माणूस खूश नव्हता. छत्रीखाली रायरांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. ते छत्री जोरात हलवू लागले, तविल जोरात आलं. हळू केली, तविल हळू झालं. त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं हात इकडे आणि ढोल तिकडे, यालाच ते ताल समजत आले होते. आता पहिल्यांदाच दोन्ही एकत्र पडत होते, आणि ते त्यांना ओळखूच येईना.

नाच संपला. पंच हसतमुखाने आले, वस्त्राचं ताट घेऊनच आले, आणि रिवाज म्हणून विचारलं, "रायर, नगरातल्या रसिकांचं काय म्हणणं?"

रायरांनी छत्री दुसऱ्याच्या हातात दिली. त्यांचे डोळे भरले होते. गोविंदनकडे न बघता ते तमिळमध्ये म्हणाले, "देवीसमोर उभा आहे, खोटं बोलणार नाही. गोविंदन माझा माणूस आहे. पण आज तो चुकला. पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकला. यंदा त्याला मान देऊ नका."

हे इतकं अनपेक्षित होतं, की आधी कुणाला कळलंच नाही. मग पंचांनी रसिकांकडे पाहिलं. नटेसनकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्यांनी शपथेवर सांगितलं होतं, की या हातासारखा हात नाही, ते आता काय बोलणार? नटेसन आपल्या पायाचे अंगठे बघत राहिला. पोस्टातले गृहस्थ चष्मा पुसू लागले. पंचांनी ताट उचलून तंजावरच्या पोरांकडे नजर टाकली. मुरुगन् अजून लाकडी पायांवरच उभा होता, त्याला खाली उतरायचंही सुचलं नव्हतं. मला त्या डझनभर रसिकांच्या थोबाडात द्यावीशी वाटली.

तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. मामी बायकांतून उठल्या आणि पदर खोचत सरळ पुरुषांच्या मधून पुढे गेल्या. सगळ्यांना समजावं म्हणून तमिळमध्येच बोलल्या, आणि इतकं मोठ्याने बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"यांना ताल कळत नाही," त्या म्हणाल्या. "कधीच कळला नाही. आमच्या तळावर जेवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझं जेवण चांगलं होतं म्हणून कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही. पण त्यापायी गोविंदनच्या घरी उपास घडणार असेल तर मी यापुढे वांगीभात करणार नाही."

कुणी हसलं नाही. रायर आधी मामींकडे वळले. मग नटेसनकडे वळले, "खरें?" नटेसन तमिळ माणूस, पण त्याला ते मराठी बरोबर कळलं. त्याने मान खाली घातली. रायर माझ्याकडे वळले. मी होकाराची मान हलवली. शेवटी ते गोविंदनसमोर जाऊन उभे राहिले. आवाज अगदी खाली आला होता.

"गोविंदा, तू सांग. आज तू चुकलास की नाही?"

गोविंदनने गळ्यातला ढोल उतरवला. तो उतरला की त्याला पुन्हा पोक यायचं. "सामी," तो म्हणाला, "इतकी वर्षं मी तुमच्या हातासमोर वाजवलं. आज पहिल्यांदा हाताबरोबर वाजवलं. म्हणून तुम्हाला चुकल्यासारखं वाटलं असेल."

रायरांनी आपला पंजा उघडून पाहिला, उलटा करून पाहिला. मग पंचांच्या हातातलं ताट स्वतः घेतलं आणि वस्त्र गोविंदनच्या डोक्याला बांधलं.  त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या माणसाची थट्टा करावीशी वाटली नाही.

परतीच्या वाटेवर ते गाडीत दोन्ही हात काखेत घालून बसले. बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती, तरी हात बाहेर आला नाही. पुढे वर्षभर घर असं सुनं सुनं झालं, की गवळ्यालाच करमेना. तो धार काढता काढता ओसरीकडे बघायचा. रसिकांपैकी कुणी फिरकलं नाही. लाजेने म्हणावं, तर एवढी लाज त्यांच्याकडे असती तर आधीच दिसली असती. उन्हाळा जवळ आला तेव्हा आमचे हे मला म्हणाले, "यंदा तळ होणार नाही, सुटलो." पण एका सकाळी मामींनी तांदूळ निवडायला घेतले, आणि रायर तंबूची भोकं शिवायला बसले.

आम्ही चौघंच गेलो. जत्रेत गोविंदनचा मेळा उभा राहिला, आणि रायर नेहमीसारखे सगळ्यांत पुढे जाऊन बसले. त्यांच्या शेजारी, पुरुषांच्या रांगेत, मामी बसल्या. सगळा गाव बघायला लागला. मामींनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. तविल सुरू झालं तसा त्यांनी आपला छोटा हात नवऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि ताल धरला. स्वच्छ, नेमका, माझ्या वडिलांनी पाठ थोपटली असती असा. हा हात इतकी वर्षं वांगी चिरत होता. रायर दोन्ही पंजे मांडीखाली दाबून त्या हाताकडे टक लावून बघत होते. पाठशाळेत नव्याने बसवलेल्या मुलासारखे ओठ हलवत मोजत होते. गोविंदनने त्यांच्याकडे पाहिलं आणि यंदा डोळे मिटले नाहीत.

बराच वेळ तसा गेला. मग रायर हळूच मामींच्या कानाशी वाकले. मी मागेच बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"बरें चाललें आहे," ते म्हणाले. "परंतु तुझा हात किंचित पुढें जातो."

"शेरी," मामी म्हणाल्या, आणि होता तोच ताल धरून राहिल्या.